पार्सेच्या सड्यावरचा फळा

फळा सांतानने रंगवला. निळ्यावर पांढरी अक्षरं.
हेल्मेटमधला ट त्याने उलटा काढलाय,
तुम्ही हेल्मेट तेवढं सरळ घाला.
आत घामाचा वास येईल, सकाळपासून अकरा डोकी झाली.
पट्टा हनुवटीखाली. दोन बोटं जातील इतका.
तिसरं गेलं तर पुन्हा आवळा.

सड्यावर सावली नाही. मी इथे उभा राहून
रोज तेच बोलतो,
आणि लोक माझ्या खांद्यावरून समुद्र बघतात.
आहे, तिथेच आहे तो.
एटीव्ही खाली वाळूवर न्यायची नाही.
वाळूत कासवाची अंडी असतात,
आणि वाळूवर माणसं पालथी झोपलेली असतात,
दोन्ही वरून ओळखू येत नाहीत.

एक्सिलेटर मुठीत नाही, अंगठ्याशी आहे. हा.
घाबरलं की माणूस सगळा पंजा आवळतो.
इथे आवळलात की गाडी पळते.
म्हणून घाबराल तेव्हा अंगठा सोडा.
घाबराल तेव्हा अंगठा सोडा.
बाकीचं सगळं एकदाच सांगतो.

पाय खाली टेकवायचा नाही.
सायकल शिकताना जो पाय आपसूक जमिनीकडे जायचा
त्याला सांगा, आज घरी बस.
गेल्या मे महिन्यात एकाने टेकवला.
मागचं चाक त्याच्याच घोट्यावरून गेलं, सावकाश,
म्हैस दारातून आत जाते तसं.
त्याचा डावा बूट अजून शेडमध्ये आहे.
दाखवू?
नको म्हणतात सगळे.

चढाला पुढे झुका, उताराला मागे सरका,
वळणाला आतल्या अंगाला कला.
हे बोलताना मी स्वतःच झुकतो, सरकतो, कलतो,
पोरं व्हिडिओ काढतात. काढू देत.

सांग्याच्या खाणीवर मी नऊ वर्षं टिप्पर हाकला.
तिथे फळा नव्हता. फेऱ्या होत्या.
सात झाल्या की आठवीचे पैसे जास्त.
माझ्या पुढच्या गाडीत रुक्मांगद असायचा,
तंबाखू मळता मळता एका हाताने वळण घ्यायचा.
त्या दिवशी त्याची आठवी होती.
मी मागे होतो, धुळीत. धूळ खाली बसेपर्यंत
मला वाटत होतं रस्ता मोकळा आहे.

म्हणून नियम पाच: दोन गाड्यांत तीस फूट.
पुढच्याची धूळ खायची नाही.

सहा. एका गाडीवर एकच.
काल एक साहेब म्हणाले, ही मागे बसेल, मला धरून.
म्हटलं, साहेब, सीट लांब आहे ती तुम्हाला मागेपुढे सरकायला,
बायकोला बसवायला नव्हे.
बाई म्हणाल्या, मग मला वेगळी द्या.
दिली. दहा मिनिटांत त्या पुढे,
साहेब तीस फूट मागे, भुवयांपर्यंत तांबडे.
परत आल्यावर त्यांनी पाण्याची बाटली मागितली
आणि नियम कोणी लिहिले ते विचारलं.

सातवा पावसाने धुऊन नेला.
शेवटी नुसतं "नये" उरलंय.
काय करू नये? रोज कोणीतरी विचारतंच.
सांतानला आठवत नाही. मालक म्हणतात, नवा फळा सीझननंतर.
ज्याच्या तोंडाला फेणीचा वास येतो त्याला मी सांगतो,
सातवा तुझाच रे, पिऊन बसू नये,
आणि चावी खिशात टाकतो.
आठ वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन आलेल्या बापालाही
सातवाच दाखवतो.
बाप रागावतो. पोरगं रडतं. मी सोडा पाजतो.

आज सकाळी चौथ्या वळणावर टिटवी
नुसती डोक्यावर येऊन ओरडत होती.
उतरून बघितलं. जांभ्या खड्यांत चार खडे
ठिपक्याठिपक्यांचे, कोमट.
एका चाकाचा माग वीतभर अंतरावरून गेलेला.

केशरी झेंडे सहा हात डावीकडे रोवले.
मालकाला फोनवर म्हटलं, तिथे दगड सैल झालाय.
किती दिवस? असेल महिनाभर.

तर चौथ्या वळणाला, बाय, तुम्ही पहिल्या ना,
झेंड्यांच्या डावीकडून.
पक्षी ओरडेल. ओरडू दे.
थांबू नये.